आईजवळ उभे राहणाऱ्यांची शाळा : बीपीएनआयची साडेतीन दशके

३ डिसेंबर १९९१ रोजी वर्ध्यात ‘ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया’ ही संस्था स्थापन झाली. बोलताना आपण सारे तिला बीपीएनआय म्हणतो. स्तनपानाचा प्रसार व्हावा, बाजाराच्या दडपणापासून त्याचे रक्षण व्हावे आणि बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईला आधार मिळावा, हे तीन हेतू घेऊन निघालेली ही संस्था आता पस्तीस वर्षांची होत आहे. या काळात कायद्यासाठी पाठपुरावा झाला, देशोदेशींच्या धोरणांचा ताळेबंद मांडला गेला, दर ऑगस्टमध्ये स्तनपान सप्ताह साजरे झाले. या सगळ्या कामांतून एक धागा सलग जातो, तो शिक्षणाचा. आईला सांगण्याआधी तिच्याजवळ उभे राहणाऱ्याने शिकले पाहिजे. ते शिकणे वॉर्डात, प्रत्यक्ष आईच्या सोबतीने झाले पाहिजे. नवे ज्ञान आले की पुन्हा वर्गात बसले पाहिजे. आणि त्या वर्गाचा खर्च दुधाचे डबे विकणाऱ्याने उचललेला नसावा. संस्थेची वाटचाल याच धाग्याने पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

पार्श्वभूमी : १९९१ पूर्वी

आपल्याकडे बाळाला अंगावर पाजणे ही कोणी नव्याने आणलेली गोष्ट नव्हे. मग त्यासाठी संस्था कशाला, असा प्रश्न त्या काळी अनेकांनी विचारला. उत्तर त्या वेळच्या बाळंतिणीच्या खाटेजवळ मिळत होते. घरी बाळंतपण झाले तर पहिला चीक पिळून टाकला जाई, बाळाला मध चाटवला जाई, घुटी दिली जाई आणि अंगावर घ्यायला कधी दुसरा, कधी तिसरा दिवस उजाडे. दवाखान्यात बाळंतपण झाले तर बाळ वेगळ्या खोलीत, तोंडात ग्लुकोजच्या पाण्याची बाटली आणि पाजण्याच्या वेळा घड्याळाप्रमाणे. आईचे दूध दोन्हीकडे उशिरा सुरू होई, आणि ‘दूध पुरत नाही’ ही तक्रार घेऊन ती वरच्या दुधाकडे वळे.

यात डॉक्टर आणि सिस्टर यांचा दोष कमी होता, त्यांच्या शिक्षणातली उणीव मोठी होती. आईच्या दुधात कोणते घटक असतात हे पुस्तकात होते. बाळ स्तनाला कसे लावायचे, भेगा पडल्या तर काय करायचे, दूध साचून स्तन दगडासारखा झाला तर हाताने कसे काढायचे, हे फारसे कोणी शिकवत नव्हते. ही रिकामी जागा कंपन्यांच्या प्रतिनिधींनी भरली. दिनदर्शिका, पेन, नमुन्याचे डबे, परिषदेचे जेवण आणि त्यासोबत बालआहारावरची ‘माहिती’. नोकरीला लागल्यानंतर डॉक्टरला मिळणाऱ्या शिक्षणाचा बराच भाग अशा रीतीने विक्रेत्याच्या हाती गेला होता.

जगभर या प्रश्नावर जाग येत होती. डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३९ मध्येच सिंगापूरच्या एका भाषणात डब्याच्या दुधाच्या फसव्या प्रचारावर कोरडे ओढले होते. १९७९ मध्ये ‘इंटरनॅशनल बेबी फूड ॲक्शन नेटवर्क’ (इब्फॅन) उभे राहिले. मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने दुग्धपर्यायांच्या विक्रीसंबंधीची आंतरराष्ट्रीय आचारसंहिता ११८ विरुद्ध १ अशा मतांनी मंजूर केली. भारताने आपली राष्ट्रीय संहिता डिसेंबर १९८३ मध्ये स्वीकारली. १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू झाली. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी प्रसूतिगृहांसाठी ‘दहा पावले’ सांगितली. त्यातले पहिले पाऊल लेखी धोरणाचे आणि दुसरे सर्व कर्मचाऱ्यांना ते धोरण अमलात आणण्याचे कौशल्य शिकवण्याचे होते. १९९० च्या ऑगस्टमध्ये फ्लॉरेन्स येथे इनोचेंती जाहीरनामा निघाला आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये ‘वर्ल्ड अलायन्स फॉर ब्रेस्टफीडिंग ॲक्शन’ (वाबा) स्थापन झाली. भारतातही या कामाला देशव्यापी घर हवे होते.

पहिले दशक (१९९१–२०००) : पाया

ते घर वर्ध्यात उभे राहिले. गांधीजींच्या आणि विनोबांच्या कामाने ओळखल्या जाणाऱ्या या गावात बालरोगतज्ज्ञ आणि आरोग्यक्षेत्रातले कार्यकर्ते यांनी एक देशव्यापी जाळे विणायचे ठरवले. पुढे संस्थेची नोंदणी झाली आणि मध्यवर्ती कार्यालय दिल्लीला आले. पण जन्मगाव म्हणून वर्ध्याचा मान कायम आहे, आणि महाराष्ट्रातल्या कार्यकर्त्यांना त्याचा सार्थ अभिमान वाटतो.

सुरुवातीलाच संस्थेने स्वतःला एक बंधन घालून घेतले. दुग्धपर्याय, दूधबाटल्या, त्यांच्याशी निगडित साधने किंवा बालआहार तयार करणाऱ्या कंपन्यांकडून कोणत्याही रूपात पैसा घ्यायचा नाही. आज हे वाक्य वाचायला सोपे वाटते. ज्या काळात वैद्यकीय परिषदांचा मांडव, जेवण आणि कागदपत्रांच्या पिशव्या याच कंपन्यांकडून येत, त्या काळात हे बंधन पाळणे म्हणजे साध्या सभागृहात, मोजक्या पैशांत, स्वतःच्या रजा खर्चून कार्यशाळा घेणे होते. पहिल्या फळीतल्या सर्व सभासदांनी ते आनंदाने केले. पुढे इंडियन ॲकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्सनेही बालआहार कंपन्यांचे प्रायोजकत्व न घेण्याची भूमिका घेतली. बालरोगतज्ज्ञांच्या शिक्षणावरचा विक्रेत्याचा हात त्यामुळे बराच ढिला झाला.

याच वर्षांत कायदा आला. अर्भक दुग्धपर्याय, दूधबाटल्या व अर्भक आहार यांच्या उत्पादन, पुरवठा व वितरणाचे नियमन करणारा अधिनियम डिसेंबर १९९२ मध्ये झाला आणि १ ऑगस्ट १९९३ पासून लागू झाला. जाहिराती, फुकट नमुने, डब्यावर गुटगुटीत बाळाचे चित्र, दवाखान्याच्या भिंतीवर कंपनीचे पोस्टर, आरोग्यसेवकाला भेटवस्तू, या सगळ्यांना त्याने मनाई केली. उल्लंघनाची तक्रार न्यायालयात नेण्याचा अधिकार सरकारने काही स्वयंसेवी संस्थांना दिला. त्यांत मुंबईची ‘ॲसोसिएशन फॉर कन्झ्युमर्स ॲक्शन ऑन सेफ्टी अँड हेल्थ’ ही ग्राहक संस्था होती, तशीच आपली संस्थाही होती. यामुळे प्रशिक्षणात एक नवा विषय आला. सिस्टरला पान्हा कसा वाढतो हे जितके ठाऊक हवे तितकेच हेही ठाऊक हवे, की वॉर्डात आलेला डब्याचा नमुना कायद्याने येऊ शकत नाही.

१९९२ पासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जागतिक स्तनपान सप्ताह पाळला जाऊ लागला. ‘बाळस्नेही रुग्णालय’ हा उपक्रमही भारतात सुरू झाला. त्यासाठी रुग्णालयांना दहा पावले शिकवणारे प्रशिक्षक आणि ती पाळली जातात का हे तपासणारे मूल्यमापक लागत. रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांसाठी अठरा तासांचा आणि समुपदेशकांसाठी चाळीस तासांचा, असे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे दोन अभ्यासक्रम त्या काळी उपलब्ध झाले. बालरोगतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांच्या संघटना, परिचारिकांची संघटना, युनिसेफ, सरकार आणि बीपीएनआय असे सारे या कामाला एकत्र आले. हजाराहून अधिक रुग्णालयांना ‘बाळस्नेही’ प्रमाणपत्र मिळाले. दशकाच्या शेवटी बाहेरचा निधी आटला तेव्हा अनेक ठिकाणी पाटी राहिली आणि जुन्या सवयी हळूहळू परतल्या. शिकलेल्या सिस्टरची बदली होते, नव्या सिस्टरला कोणी शिकवलेले नसते, आणि वर्ष-दोन वर्षांत वॉर्ड पुन्हा होता तिथे येतो. एकदा दिलेले प्रशिक्षण पुरत नाही हा धडा संस्थेला या अनुभवाने दिला आणि पुढच्या सगळ्या कामाची दिशा त्यावरून ठरली.

दुसरे दशक (२००१–२०१०) : अभ्यासक्रमाचे दशक

या दशकाची सुरुवातच नव्याने शिकण्याने झाली. तोवर ‘चार ते सहा महिने निव्वळ स्तनपान’ असे सांगितले जाई. मे २००१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने पूर्ण सहा महिने हा कालावधी मान्य केला. चार महिन्यांनी भाताची पेज सुरू करा असे वर्षानुवर्षे सांगत आलेल्या डॉक्टरांना, परिचारिकांना आणि अंगणवाडीताईंना आता सहा महिने पाणीसुद्धा नको हे सांगायचे होते. भर उन्हाळ्यात विदर्भातल्या आजीबाईंना ‘बाळाला पाणी नको’ हे पटवणे सोपे नव्हते. आईच्या दुधातच पुरेसे पाणी असते, हे बाळाच्या लघवीच्या वेळा मोजून दाखवावे लागले. उष्टावणाचा आपला जुना मुहूर्त मात्र या नव्या सल्ल्याच्या बाजूने उभा राहिला.

दुसरा अवघड प्रश्न एचआयव्हीचा होता. आईला लागण असेल तर पाजायचे की नाही? अशा प्रत्येक प्रश्नासाठी वर्गही वेगळा होता. वरच्या आहाराचे प्रशिक्षण वेगळे, वाढीच्या तक्त्याचे वेगळे, एचआयव्हीचे त्याहून वेगळे, असे तुकडे झाले होते. आई मात्र एकच होती आणि तिच्यासमोरची सिस्टरही एकच. संस्थेने हे तुकडे जोडले. आधी तीन विषयांचा एकत्र अभ्यासक्रम झाला. त्यात बाळाच्या वाढीची देखरेख जोडून ‘फोर इन वन’ म्हणून ओळखला जाणारा अभ्यासक्रम तयार झाला : स्तनपान, पूरक आहार, एचआयव्ही आणि शिशुआहार, वाढीचे मोजमाप. प्रशिक्षक आणि तज्ज्ञ समुपदेशक यांच्यासाठी आठवडाभराचा, गावपातळीवरच्या कार्यकर्तीसाठी कमी दिवसांचा, अशी त्याची उतरंड ठेवली गेली.

या वर्गात काय चालते हे बाहेरच्या वाचकाला कळावे म्हणून थोडे जवळून सांगायला हवे. टेबलावर कापडाचे शिवलेले स्तनाचे प्रतिरूप असते आणि एक बाहुली. पहिला धडा ऐकण्याचा. दोघी समोरासमोर बसतात, एक आई होते, एक सिस्टर. ‘बाळ नीट पितं का?’ असे सिस्टरने विचारले की आई ‘हो’ म्हणते आणि बोलणे तिथेच संपते. शिवाय ‘नीट’ या शब्दात आपल्याला नीट जमत नसेल ही भीती आईच्या मनात जाते. तोच प्रश्न ‘बाळ कसं पितंय, सांगा बरं’ असा विचारला की ती बोलू लागते : रात्री सारखे उठते, एकाच बाजूला घेते, सासूबाई म्हणतात दूध पातळ आहे. नीट, पुरेसे, चांगले, वाईट असे तोलणारे शब्द टाळायचा सराव अर्धा दिवस चालतो. पंचवीस वर्षे प्रॅक्टिस केलेले डॉक्टरही इथे अडखळतात, आणि परिचारिका त्यांना सांभाळून घेतात.

मग सगळे वॉर्डात जातात. खाटेजवळ उभे न राहता स्टूल ओढून बसायचे, हात मागे ठेवायचे आणि आधी फक्त पाहायचे. बाळाचे तोंड मोठे उघडले आहे का? खालचा ओठ बाहेर वळला आहे का? हनुवटी स्तनाला टेकली आहे का? स्तनाग्राभोवतीचा काळसर भाग बाळाच्या ओठांखालच्या बाजूपेक्षा वरच्या बाजूला जास्त दिसतो का? या चार खुणा जमल्या तर बहुतेक भेगा बऱ्या होतात आणि ‘दूध पुरत नाही’ ही तक्रारही बरेचदा मिटते, कारण बाळ आता नुसते टोक चोखत नाही. स्तनाग्र आत ओढलेले असेल तर वीस मिलिलिटरची सिरिंज पुढच्या टोकाकडून कापून, दट्ट्या कापलेल्या बाजूने घालून, गुळगुळीत बाजू स्तनाला लावून हलकी ओढ देण्याची साधी युक्ती शिकवतात. हाताने दूध काढायचे, ते वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजायचे, बाटली वापरायची नाही. अगदी स्वस्त साधनांत होणारे हे काम आहे. किंमत आहे ती शिकलेल्या हाताची आणि आईला दिलेल्या वेळाची.

याच काळात पहिल्या तासाचे महत्त्व ठळक झाले. घानामधल्या एका मोठ्या अभ्यासाने २००६ मध्ये दाखवले, की जन्मानंतर तासाभरात स्तनपान सुरू झाले तर नवजात मृत्यूंपैकी २२ टक्के टळू शकतील. २००७ च्या सप्ताहाचा विषयही तोच होता. नुकते जन्मलेले बाळ आईच्या उघड्या अंगावर ठेवले तर ते स्वतः सरकत स्तनापर्यंत पोहोचते, हे स्वीडनच्या संशोधकांनी १९८७ मध्ये नोंदवले होते. मुंबईच्या कार्यकर्त्यांनी आणि बीपीएनआयच्या महाराष्ट्र शाखेने युनिसेफसोबत त्यावर चित्रफीत आणि माहितीपुस्तिका तयार केली. शब्दांनी न पटलेली गोष्ट त्या चित्रफितीने अनेक लेबर रूममध्ये पटवली. महाराष्ट्राचे हे योगदान देशाबाहेरही पोहोचले.

उत्तर प्रदेशातल्या ललितपूर जिल्ह्यात गोरखपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाने युनिसेफच्या साह्याने केलेल्या कामालाही या अभ्यासक्रमाचा हात लागला. तिथे गावोगावी माता आधार गट उभे राहिले. अंगणवाडीताई, आशा आणि अनुभवी सुईण यांना शिकवले की निव्वळ स्तनपान किती वाढू शकते, हे त्या मागास भागाने दाखवून दिले.

धोरणाच्या बाजूनेही काम थांबले नाही. २००३ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन दोन वर्षांपर्यंतच्या बालआहाराच्या जाहिरातींना बंदी आली. त्याच दुरुस्तीने आरोग्यसेवक किंवा त्यांच्या संघटनांसाठी कंपन्यांनी परिसंवाद, परिषद, अभ्यासक्रम, शिष्यवृत्ती किंवा संशोधन प्रायोजित करण्यास मनाई केली. संस्थेने १९९१ मध्ये स्वतःवर घातलेले बंधन बारा वर्षांत देशाच्या कायद्याचा भाग झाले. २००६ मध्ये केंद्राची शिशुआहाराची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सुधारली गेली. इब्फॅनच्या आशिया विभागाचे कामही दिल्लीहून होऊ लागले. ‘वर्ल्ड ब्रेस्टफीडिंग ट्रेंड्स इनिशिएटिव्ह’ ही पद्धत येथेच घडली. धोरणाचे दहा आणि प्रत्यक्ष आहारपद्धतींचे पाच, अशा पंधरा निकषांवर एखादा देश आपली स्थिती स्वतः तपासतो आणि त्रुटी मांडतो. त्यात आरोग्यसेवकांचे प्रशिक्षणही तपासले जाते. दक्षिण आशियात सुरू झालेली ही पद्धत पुढे जवळपास शंभर देशांनी वापरली.

तिसरे दशक (२०११–२०२०) : विस्तार आणि नवी कसोटी

डिसेंबर २०१२ मध्ये नवी दिल्लीत पहिली जागतिक स्तनपान परिषद भरली. देशोदेशींचे कार्यकर्ते, शास्त्रज्ञ आणि शासकीय प्रतिनिधी एकत्र आले. २०१३ मध्ये राष्ट्रीय आरोग्य अभियानाने शिशुआहाराची मार्गदर्शक तत्त्वे काढली. ५ ऑगस्ट २०१६ रोजी केंद्र सरकारने ‘मा’ हा स्तनपानाचा देशव्यापी कार्यक्रम सुरू केला, आणि आपली माधुरी दीक्षित त्याचा चेहरा झाली. या कार्यक्रमात आशाताईंच्या माता बैठका आहेत, तसेच प्रसूती होणाऱ्या ठिकाणच्या परिचारिका, एएनएम आणि डॉक्टर यांचे कौशल्य प्रशिक्षणही आहे. छोट्या कार्यशाळांतून जी गोष्ट आपण सांगत आलो ती आता सरकारी आराखड्यात आली.

२०१६ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’च्या लेखमालेने हिशेब मांडला : स्तनपान जवळपास सार्वत्रिक झाले तर जगात दरवर्षी ८ लाख २३ हजार बालमृत्यू टळू शकतील, आणि स्तनाच्या कर्करोगाने होणारे स्त्रियांचे २० हजार मृत्यूही. २०१७ मध्ये प्रसूती रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली. संघटित क्षेत्रातल्या नोकरदार आईला सहा महिने बाळाजवळ राहता येऊ लागले. शेतात, वीटभट्टीवर, घरकामाला जाणाऱ्या आईपर्यंत ही सवलत अजून पोहोचलेली नाही, म्हणून तिच्यासाठी दूध काढून ठेवण्याचे आणि कामावरून आल्यावर पाजण्याचे समुपदेशन अधिक मोलाचे ठरते.

शहरांत या दशकात स्तनपान सल्लागार हा स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला. मुंबई-पुण्यात स्तनपान सल्लागारांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाची परीक्षा दिलेल्या सल्लागार घरी येऊन आईला मदत करू लागल्या. ही परीक्षा १९८५ पासून होते, आणि प्रमाणपत्र दर पाच वर्षांनी नव्याने घ्यावे लागते. त्यासाठी ७५ शिक्षणगुण लागतात, आणि त्यांतले काही व्यावसायिक नीतीचे असावेच लागतात. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलनेही डॉक्टरांच्या नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० गुणांची अट ठेवली आहे. शिक्षण चालू ठेवणे हे आता सर्वांनीच मान्य केलेले कर्तव्य आहे. ते गुण कोणाच्या मांडवाखाली मिळवायचे, हे भान देण्याचे काम आपली संस्था करत आली.

२०१८ मध्ये दहा पावले सुधारली गेली. आधी किती तास प्रशिक्षण झाले हे मोजत. आता कर्मचाऱ्याला काय करता येते हे मोजायचे ठरले. २०२० मध्ये त्यासाठी कौशल्य पडताळणीची साधनेही आली. वर्गात बसल्याची सही पुरेशी नाही, आईजवळ बसून बाळ स्तनाला लावून दाखवा, हा बदल आपल्या शिकवण्याच्या पद्धतीला जवळचाच होता.

एचआयव्हीबाबतचा सल्लाही बदलला. औषधे मिळत असतील तर आईने औषध घेत बाळाला पाजावे, अशी दिशा २०१० च्या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांनी दिली होती. दशकभर ती प्रशिक्षणातून खाली पोहोचवावी लागली. दशकाच्या शेवटी कोविड आला. भीतीपोटी अनेक ठिकाणी बाळांना आयांपासून वेगळे केले गेले. मास्क लावून, हात धुऊन आईने पाजावे, बाळ तिच्याजवळच राहावे, हे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे कार्यकर्त्यांनी दूरध्वनीवरून, पडद्यावरच्या बैठकांतून दवाखान्यांपर्यंत पोहोचवले. जी गोष्ट काल शिकलो ती आज तपासून घ्यावी लागते, याची याहून मोठी आठवण कुठली असणार?

चौथ्या दशकात (२०२१ पासून) : आजचे काम

२०२२ च्या स्तनपान सप्ताहाचा विषयच शिक्षण आणि पाठबळ वाढवण्याचा होता. आज संस्थेचे प्रशिक्षण प्रत्यक्ष आणि पडद्यावर अशा दोन्ही वाटांनी चालते. ऐकण्याचे आणि माहितीचे धडे घरबसल्या होतात, हाताचे कौशल्य मात्र वॉर्डातच शिकवले जाते. खासगी रुग्णालयांनी स्तनपानस्नेही पद्धती स्वीकाराव्यात यासाठी त्यांच्या संघटनेसोबत मानांकनाचे काम सुरू आहे. कायद्याचे उल्लंघन दिसले तर कोणालाही कळवता यावे म्हणून ‘स्तनपान सुरक्षा’ हे मोबाइल ॲप आहे. पूर्वी प्रचार दवाखान्याच्या भिंतीवर होता, आता तो आईच्या फोनवर येतो. बाळ रात्री रडत असताना तिच्यासमोर डब्याची जाहिरात उघडते, हे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आणि युनिसेफच्या अहवालाने जगापुढे मांडले. त्यामुळे समुपदेशकाच्या अभ्यासात आता हाही धडा आहे.

कृतज्ञता आणि पुढची जबाबदारी

पस्तीस वर्षांचे हे काम कोणा एकाचे नाही. समन्वयक म्हणून डॉ. अरुण गुप्ता यांनी दीर्घकाळ दिलेले नेतृत्व सर्वश्रुत आहे. पण त्यांच्यासोबत राज्याराज्यांतले बालरोगतज्ज्ञ, प्रसूतितज्ज्ञ, आहारतज्ज्ञ, परिचारिका, वकील, ग्राहक चळवळीतले कार्यकर्ते, कार्यालयातले कर्मचारी आणि नाव न सांगता प्रशिक्षणाच्या वस्तू शिवून देणाऱ्या कितीतरी हातांनी ही संस्था उभी ठेवली. एवढ्या मोठ्या परिवारात मते वेगळी असणे स्वाभाविक होते. अनेकदा चर्चा रात्रीपर्यंत चालल्या. आईचे हित काय, या प्रश्नावर मात्र सगळे एकत्र आले. या सर्वांचे संस्थेवर ऋण आहे.

पुढे काय, याचे उत्तर देशाच्या आकड्यांत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५–०६ मध्ये ३८.७ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होत. २०१९–२१ मध्ये हे प्रमाण ८८.६ टक्के झाले. सहा महिन्यांखालच्या बाळांतले निव्वळ स्तनपान ४६.४ वरून ६३.७ टक्क्यांवर गेले, ही समाधानाची गोष्ट. पण जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतली गेलेली मुले फक्त ४१.८ टक्के, आणि त्याआधीच्या पाहणीतही ती ४१.६ टक्केच होती. म्हणजे दहातली जवळपास नऊ बाळे शिकलेल्या माणसांच्या हाती जन्माला येतात आणि त्यातली निम्मीसुद्धा पहिल्या तासात आईच्या स्तनाशी पोहोचत नाहीत. २०१९–२१ च्या पाहणीत सिझेरियनचे प्रमाण २१.५ टक्के झाले होते. टेबलावर टाके घालत असतानाच बाळ आईच्या छातीवर देणारी सिस्टर आणि तिला वेळ देणारा भूलतज्ज्ञ यांची गरज त्याच प्रमाणात वाढली आहे.

मध चाटवणारी आजी आता या प्रश्नाच्या मध्यभागी नाही. मध्यभागी आहे लेबर रूममधला आपला सहकारी. म्हणून चौथ्या दशकाचा संकल्प थोडक्यात मांडता येतो : प्रत्येक प्रसूतिगृहात प्रत्येक पाळीला किमान एक व्यक्ती अशी असावी जिला बाळ स्तनाला लावता येते, तिची बदली झाली तर पुढच्या व्यक्तीला शिकवूनच ती जावी, दर काही वर्षांनी तिचे कौशल्य पुन्हा पाहिले जावे, आणि तिच्या शिक्षणाचा खर्च शासन, रुग्णालये आणि आपण सर्वांनी मिळून उचलावा. ज्या वाचकांच्या हातात ही स्मरणिका आहे त्यांपैकी बहुतेक जण कुठल्या ना कुठल्या दवाखान्याशी जोडलेले आहेत. आपापल्या लेबर रूममध्ये पुढच्या महिन्याच्या वेळापत्रकात या प्रशिक्षणासाठी एक दिवस आजच राखून ठेवावा, ही संस्थेची सर्वांना विनंती आहे.